परशुरामाने पळवलेली मगर

पंपाचा फुटवॉल चोंदला तो मे महिन्यातल्या एका रविवारी, आणि परशुराम गवसाने ठरवलं की बाबूला न बोलावता तो आपणच साफ करायचा. त्याने ठरवलं एवढंच. पुढे जे घडलं त्यात त्याच्या ठरवण्याला कुणी विचारलं नाही.

फुटवॉल म्हणजे पंपाच्या पाइपाचं नदीत बुडालेलं टोक. तिथे एक जाळी असते, एक झडप असते, आणि त्यांत पाला अडकला की वर पंप नुसता घुरघुरत बसतो, पाणी काही चढत नाही. बांदा गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या वाडीत गवसांची थोडी माडा-पोफळीची बाग होती, तिला पाणी या पंपाचं. मे महिन्यात घरची विहीर तळ दाखवायची, तेव्हा घरालाही तेच. म्हणून परशुरामाची बायको सुगंधा म्हणत होती की बाबू पंपवाल्याला फोन करावा, तो येईल तेव्हा येईल. तिच्या म्हणण्यात काही चुकीचं नव्हतं. पण मागच्या खेपेला याच बाबूने परशुरामाच्या हातातला पाना काढून घेत सुगंधाच्या देखत म्हटलं होतं, "सायबानु, ह्या तुमचा काम न्हय. तुमी सावलेत बसा." परशुराम सावंतवाडीच्या एका कचेरीत क्लार्क होता, सावलीत बसणं हेच त्याचं काम होतं (आणि ते तो चोख करी). पण बायकोसमोर कुणी ते बोलून दाखवावं, हे त्याला पटलं नव्हतं.

तेव्हा पाना घेऊन, जुना टॉवेल खांद्यावर टाकून तो नदीकडे निघाला. मागून बाळ्याही निघाला. बाळ्या हा घरचा कुत्रा. घरातला सगळ्यात निरुपयोगी प्राणी, असं सुगंधा त्याच्याबद्दल म्हणे, आणि म्हणताना जरा थांबून परशुरामाकडे बघून घेई.

जांभ्याच्या पायऱ्या उतरून परशुराम खाली पोचला. पाइपाच्या बाजूला, शेवटच्या पायरीला लागून चिखलात माडाचा एक ओंडका पडला होता. परशुरामाला दम लागला होता. बसायला बरं, म्हणून टॉवेल पसरायला तो वाकला, तेवढ्यात ओंडक्याने डोळा उघडला.

आता अशा वेळी मगरीने पाण्यात जायचं असतं. लहानपणापासून परशुरामाने तेच पाहिलं होतं. तेरेखोल नदीच्या पाण्यात मगरी आहेत हे वाडीला नवं नव्हतं. पूर आला की एखादी लोकांच्या परसातही येऊन पडे. पण माणूस खोकला तरी ती पलीकडच्या काठावरून सळकन पाण्यात जाई. ही गेली नाही. ही हललीसुद्धा नाही. जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच काउंटरवर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे परशुराम ज्या नजरेने बघत असे, नेमकं त्याच नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भूकही दिसत नव्हती. तुझी पाळी आली की बघू, एवढंच होतं.

परशुराम तिच्याकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी त्या सगळ्या पायऱ्या चढला. वाटेत एक चप्पल गेली, पाना गेला, टॉवेल गेला. बाळ्या केव्हाच घरी पोचून पलंगाखाली शिरला होता.

सुगंधा पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने आधी नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल खंय?"

"मारलंय," परशुराम म्हणाला. श्वास पुरत नसल्यामुळे त्याला एका वेळी एकच शब्द परवडत होता.

"कोणाक? बाबू इल्लो काय?"

"मगरीक."

खरं सांगायचं तर चप्पल आपोआप पायातून निघाली होती, आणि तो तेच सांगणार होता. पण सुगंधाच्या हातातली सोलं हातातच राहिली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रथमच ती त्याच्याकडे तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती. असं कुणी बघायला लागलं की माणसाची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही. परशुरामाने सांगितलं की मगर अंगावर आली, त्याने आधी चप्पल मारली, मग पाना नेमका नाकाडावर मारला, आणि ती जी पळाली ती आता काही परत येत नाही. फुटवॉलचं तेवढं राहून गेलं. त्याला बाबूच लागेल.

सुगंधाने हे बचत गटात सांगितलं. बचत गटाने वाडीला सांगितलं. (वाडीने आपल्या बाजूने त्यात थोडी भर घातली, पाण्यावर रक्त दिसल्याचं परशुरामाला स्वतःलाच दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं.)

बाबूलाही ते कळलं. त्याने फोनवर सांगितलं की आधी सायबांनी मगर पुरती घालवावी, मग तो फुटवॉलला हात लावील. आणि मगर तर कुठे गेलीच नव्हती. ती त्याच पायऱ्यांपाशी रोज ऊन खात पडू लागली. मोटरसायकली काठावरून गेल्या, पोरांनी दगड मारले, तिने मान वळवली नाही. वनखात्याची माणसं येऊन 'नदीपात्रात उतरू नये' असा बोर्ड लावून गेली, तेव्हा पडायला तिला बोर्डाखालची सावली आवडली. शेजारचे भाई, म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, त्यांचं म्हणणं असं की वरच्या पुलावरून कोण कोण कोंबड्यांची आतडी पोतीच्या पोती नदीत टाकतात, तेव्हापासून माणूस दिसला की या मगरींना जेवणाची वेळ झाली असं वाटतं. भीती त्यांनाही असते, भाई म्हणाले, पण पोट भरायला लागलं की ती कमी होते.

आता वाडीत मगरीवरचा माणूस म्हणजे परशुराम. कुणाची म्हैस खाली उतरली, कुणाला गोधड्या धुवायच्या झाल्या, की हाक यायची. परशुराम काठी आणि रिकामा तेलाचा डबा घेऊन जाई आणि शक्य तितक्या लांबून डबा वाजवी. दोनेक वेळा मगर खरंच पाण्यात गेली. तिला ऊन पुरलं म्हणून ती गेली असेल, पण गेली ती परशुराम डबा वाजवत असताना, आणि लोकांनी तेवढंच पाहिलं. हळूहळू परशुरामालाही वाटू लागलं की आपल्या डब्यात काहीतरी असावं.

मग भाईंच्या पाडीची गोष्ट झाली.

भर दुपार होती. भाईंच्या गाईची तांबडी पाडी दावं तोडून पाण्यावर गेली होती, आणि मगर थोड्या अंतरावर चिखलात पडलेली दिसत होती. भाईंनी परशुरामाला बोलावलं. पाचसहा माणसं जमली आणि त्यांनी परशुरामाला अगदी पुढे नेऊन उभं केलं. त्याने डबा वाजवला. पाडीने मान वर करून डब्याकडे पाहिलं, आणि तिची मान वर असतानाच मगरीने तिला गळ्याच्या खाली धरलं. एवढं मोठं जनावर इतक्या वेगाने सरकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. परशुराम डबा वाजवत राहिला. काय करतोय हे त्याला समजत नव्हतं, हात आपोआप चालत होता. पाडी एकदा हंबरली, मग तो आवाज पाण्यात गेला, आणि पाणी काही वेळ लाल, काही वेळ गढूळ होत राहिलं. मगरीने सबंध वेळात परशुरामाकडे बघितलंसुद्धा नाही.

लोक निघून गेले. भाई दाव्याचा तुटका तुकडा हातात घेऊन उभे होते. ते परशुरामाला रागावले नाहीत. फक्त जाता जाता त्यांनी विचारलं, "त्या दिसा तुमी तिका खरोखरच मारलेलात?"

खरं बोलायला यापेक्षा बरी जागा परशुरामाला पुन्हा मिळणार नव्हती.

"मारलेलंय," तो म्हणाला.

भाईंनी मान हलवली आणि ते घरी गेले. त्यानंतर संध्याकाळी चहाला यायचे ते यायचे बंद झाले. सुगंधा दोन दिवस कपबशी काढून ठेवत होती, मग तीही ठेवायची बंद झाली.

घरात पाणी नव्हतं हे मात्र तसंच होतं. विहिरीतून कळशी काढली की अर्धा गाळ येई. पिण्यापुरतं शेजारून आणता येई, पण कपड्यांचा ढीग साठत गेला, आणि त्यातले बरेचसे परशुरामाच्या कचेरीचे शर्ट होते. मुंबईची अनुजा, त्यांची मुलगी, फोनवर म्हणाली की लाँड्रीला द्या. सुगंधा म्हणाली, सोलापुरी चादरी लाँड्रीवाला असा धुतो की त्या परत ओळखू येत नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी ती टोपलं भरून दारात उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "काठी घेवा."

परशुरामाला तेव्हा सांगायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण निघालं ते एवढंच की आज पाठ धरलीय, उद्या जाऊ. सुगंधा म्हणाली, मग तुम्ही वरच्या पायरीवर बसा, धुवायचं तर मला आहे. आणि ती चालू लागली. तिच्यामागे काठी घेऊन परशुराम, आणि त्याच्यामागे, त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही नदीकडे न फिरकलेला बाळ्या.

काठावर मगर नव्हती. चिखल मोकळा होता, बोर्डाखालची सावली मोकळी होती. परशुरामाला इतकं हलकं वाटलं की त्याने खिशातून मोबाइलही काढला (पण उघडला नाही, हे त्याने नंतर पुष्कळांना शपथेवर सांगितलं). सुगंधाने शर्ट धुतले, आपटले, पिळून टोपल्यात टाकले. मग चादर काढली. सोलापुरी चादर भिजली की एकटीच्या हाताला आवरत नाही, म्हणून तिने एक टोक उजव्या मुठीभोवती गुंडाळलं आणि बाकीची पाण्यात सोडून ती खळबळू लागली. परशुराम पाण्याकडेच बघत होता. त्याला काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि मग चादर ताठ झाली.

सुगंधाला वाटलं चादर दगडाला अडकली. तिने ओढली. पलीकडूनही कुणीतरी ओढली.

पुढचं परशुरामाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सुगंधा पायरीवर बसल्यासारखी झाली आणि बसल्या बसल्या खाली सरकू लागली. तिने हाक मारली नाही, नुसता श्वास घेतल्याचा मोठा आवाज झाला. परशुराम त्या सगळ्या पायऱ्या कधी उतरला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. काठी वरच राहिली. त्याने सुगंधाला मागून कमरेला घट्ट धरलं, हे मात्र त्याला नक्की माहीत आहे, कारण तिच्या ओल्या लुगड्याचा आणि साबणाचा वास त्याच्या नाकातून पुढे कित्येक दिवस गेला नाही. दोघं मिळून आणखी एक पायरी खाली गेली. पाणी गुडघ्याला लागलं.

तेव्हा बाळ्या त्यांच्या बाजूने गेला. तो भुंकला नाही. तो सरळ पाण्यात, त्या ताठ चादरीच्या दुसऱ्या टोकाशी गेला आणि तिथे जे काही होतं त्याला चावला. पाणी एकदम वर उडालं. चादर सुटली. बाळ्याचा आवाज एकदाच आला आणि तो लहान पिल्लासारखा होता.

सुगंधा आणि परशुराम पायऱ्यांवर येऊन पडले. चादर तिच्या हाताला गुंडाळलेलीच होती, निम्मी फाटून. ती सोडवताना दिसलं की चादरीच्या पिळात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडून गेली आहेत, आणि खांदा जिथे असायला हवा तिथे नाही.

परशुरामाचं ओरडणं ऐकून पहिले आले ते भाई. त्यांनी विचारलं काहीच नाही. कुणाची तरी व्हॅन काढली, सुगंधाला आत निजवलं आणि हायवेने थेट गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. एसटी चालवताना त्यांनी कधी हॉर्न वाजवला नव्हता असं लोक म्हणत. त्या दिवशी सबंध वाटभर त्यांचा हात हॉर्नवरच होता. परशुराम मागे बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिला सारखं सांगत होता की काही झालेलं नाही. सुगंधाने डोळे उघडून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

बोटं काढावी लागली. खांदा बसवला. अनुजा मुंबईहून आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडली, कारण एव्हाना व्हॉट्सॲपवर बातमी फिरली होती: मगरीच्या जबड्यातून पतीने पत्नीला ओढून काढले. खाली परशुरामाचा कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो. कचेरीतल्या साहेबांनी फोन करून रजेची काळजी करू नका म्हणून सांगितलं. हॉस्पिटलातल्या नर्स वॉर्डमधल्या दुसऱ्या बायकांना त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत, आणि त्या बायका मग आपापल्या नवऱ्यांकडे बघत.

एका दुपारी अनुजा खाली कँटीनमध्ये गेली होती. परशुराम बायकोच्या खाटेजवळ स्टुलावर बसून मोसंबं सोलत होता. बराच वेळ सोलत होता.

"सुगंधा," तो म्हणाला, "त्या पयल्या दिसा ती मगर…"

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "मी पडवेतसून बगलेलंय. तुमी उलटे चढत होतात."

मग त्याने विचारलं की ठाऊक होतं तर ती नदीवर गेली का, त्याच्यावर भिस्त ठेवून.

"तुमच्यावर नाय ठेवूक," सुगंधा म्हणाली. "कपडे धुवचे होते." मग थोड्या वेळाने, "बाळ्याक कोणी पुरल्यान काय?"

पुरायला काही सापडलं नव्हतं. ते परशुरामाने सांगितलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

ते घरी परतेपर्यंत वनखात्याने पायऱ्यांपाशी पिंजरा लावला होता. त्यात एक घोरपड सापडली आणि मग कोणाची तरी कोंबडी. मगर पिंजऱ्याच्या बाहेर, शेजारीच पडलेली असे. बाबू मात्र येऊन फुटवॉल साफ करून गेला, होडीतून, दोन माणसं काठावर उभी करून. पाणी चढू लागलं. परशुराम घराच्या नळाला बादली लावून स्वतः कपडे धुऊ लागला. ते फारसे स्वच्छ होत नसत, पण सुगंधा काही म्हणत नसे.

आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी वाडीच्या मंडळाने देवळाच्या सभामंडपात परशुरामाचा सत्कार ठेवला. तो नको नको म्हणाला. (पुरेसं मोठ्याने म्हणाला नाही.) खुर्च्या मांडल्या, माइक आणला. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आजकाल नवरे बायकोला बाजारातून पिशवीसुद्धा उचलून देत नाहीत, अशा काळात ह्या माणसाने मगरीशी रस्सीखेच केली. टाळ्या झाल्या. परशुरामाच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. शाल उबदार होती आणि उन्हाळा अजून सरला नव्हता, त्यामुळे त्याला घाम फुटला. निदान घामाचं कारण त्याने स्वतःला तेच दिलं. मग अध्यक्षांना सुचलं की वहिनींनीही दोन शब्द बोलावेत.

सुगंधा उठली. बँडेजचा हात तिने पदराखाली घेतला होता. माइक अध्यक्षांनीच धरला.

"ह्येंनी माका वडून काडल्यानी, असा सगळे म्हणतत," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, बचत गटात हिशेब सांगावा तशी. "वडूक नाय. माका मागसून मिठी मारल्यानी, डोळे घट मिटल्यानी आणि थंयच बसले. फुडसून ती मगर, मागसून ह्येंचा वजन. माझो एक हात तिच्याकडे, आणि सगळी मी ह्येंच्याकडे. मगे मगरीक बाळ्यान सोडवल्यान. ह्येंका मी वयर आणलंय."

मंडपात आधी कुणीच हसलं नाही. मग मागच्या रांगेतून एक हसू आलं, आणि मग सगळा मंडप हसत सुटला, बायका पदर तोंडाला लावून, माणसं मांडीवर हात मारून. परशुरामही हसला, न हसून करतो काय. सुगंधा तेवढी हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हेच त्याला सोसवेना.

अध्यक्ष न्यायी माणूस होते. हसू ओसरल्यावर त्यांनी पुढे होऊन परशुरामाच्या खांद्यावरची शाल काढली आणि ती सुगंधाच्या खांद्यांवर घातली. पुन्हा टाळ्या झाल्या. मग त्यांनी नारळ घ्यायला हात पुढे केला, सुगंधाच्या पदराखालच्या हाताकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

नारळ परशुरामाकडेच राहिला. तो तिला धरता येण्यासारखा नव्हता.